थर आणि पापुद्रा

आमच्या प्रौढवर्गात माझ्या शेजारी एक वृद्ध रंगारी बसतात. चाळीस वर्षे त्यांनी भिंती रंगविल्या, मात्र सहीच्या जागी अंगठाच उमटविला. परवा तोंडी परीक्षा होती. नापास होणाऱ्यास पुन्हा मुळाक्षरांपासून आरंभ करावा लागणार होता.

बाईंनी त्यांना विचारले, "थर आणि पापुद्रा यांत फरक काय?"

रंगारी ताडकन उठले आणि खिडकीजवळच्या भिंतीचा सुटलेला तुकडा त्यांनी नखाने उचलला.

"बघा बाई, वर निळा, मध्ये पिवळा, खाली हिरवा. हिरवा तर माझ्याच हातचा. आपण देतो तो थर, भिंत परत करते तो पापुद्रा."

सारा वर्ग बाके वाजवू लागला.

"पास," बाई हसून म्हणाल्या, "पण आजोबा, आता ही भिंत कोण रंगवणार?"

"पास झालेला विद्यार्थी."