शेवटचा सूर विरेपर्यंत

पेटीआजीचा नियम साधा होता. रविवारी चर्चमध्ये पाळकांनी शेवटचा आशीर्वाद दिला की ती पायपेटीवर शेवटची धून वाजवायची आणि तिचा अखेरचा सूर विरेपर्यंत मंडळीतल्या कुणीही बाकावरून उठायचं नाही, बोलायचं नाही. हा नियम कुठल्या पुस्तकात नव्हता. नवी नवरी असताना एकदा तिने वाजवता वाजवताच मागे वळून, छत्री चाचपणाऱ्या खजिनदाराला सुनावलं होतं, "देव अजून बसलाय, तुम्हाला कसली घाई?" खजिनदार गपकन बसला. त्याच्यामागे मंडळी बसली, ती साठ वर्षं बसतच आली. पाळक आले नि गेले, नियम राहिला.

आज तिच्या हातात तेवढा नियमच उरला होता.

सकाळी तिची वेणी घालताना थोरली सून म्हणाली होती, "आई, आज हे मंडळी सोडल्याचं पत्र वाचणार आहेत. तुमची धून संपली की लगेच. पुढच्या रविवारपासून आमची सतरा घरं नव्या हॉलमध्ये जाणार."

"आणि मी?"

"तुमच्यासाठी विजेची पेटी घेतलीय. पाय मारायला नकोत."

भांडण चर्चच्या गळक्या छपरावरून पेटलं होतं. थोरला मुलगा बांधकामाचा ठेकेदार. त्याचं म्हणणं, हे छप्पर काही वाचत नाही, इमारत सोडा. धाकटा शाळामास्तर. तो म्हणे, बापाने याच छपराला कौलं चढवली, ती मी सोडणार नाही. मग छप्पर राहिलं बाजूला आणि दोघांनी लहानपणापासूनच्या उखाळ्यापाखाळ्या काढल्या. आठ महिने दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नव्हते. बसायचे मात्र एकाच रांगेत, मधल्या वाटेच्या दोन बाजूंना.

मंडळीतली निम्मी लग्नं पेटीआजीच्या स्वयंपाकघरात जुळली होती आणि मोडायला आलेली तिथेच सांधली गेली होती. कमिटीत तिला कुणी कधी बोलावलं नाही, तिचंही काही अडलं नाही. पण दुसऱ्यांची घरं सांधणाऱ्या बाईच्या स्वतःच्या घरात मात्र दिव्याखाली अंधार. या गोष्टीची तिला लाज वाटायची, आणि रागही यायचा.

आशीर्वाद झाला. तिने दोन्ही पाय खालच्या फळ्यांवर ठेवले. एक दाबली की दुसरी वर येते, भात्यात हवा भरते, तेव्हा कुठे पेटी बोलते. डॉक्टरीणबाईंनी दोन महिन्यांपूर्वी बजावलं होतं, "काळीज थकलंय. रविवारी दोन-तीन गीतं, बस. त्यापुढे पाय मारायचे नाहीत." ती आजची चार गीतं वाजवून बसली होती.

पेटीच्या वर तिच्या नवऱ्याने दाढीचा आरसा ठोकून दिला होता, पाळकांची खूण दिसावी म्हणून. नवरा गेला तेव्हा वाजवणारं दुसरं कुणी नव्हतं. त्याच्या अंत्यविधीची गीतं तिनेच वाजवली, याच आरशात त्याची शवपेटी बघत. आज त्यात थोरला दिसत होता. मांडीवर पांढरा लिफाफा.

धून तीन मिनिटांची. शेवटची ओळ आली तसा थोरला बाकाच्या कडेला सरकला. पेटीआजीने ती ओळ संपवलीच नाही. धून पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा मंडळीच्या लक्षात आलं. पाळक घड्याळाकडे बघू लागले. डॉक्टरीणबाई अर्धवट उठल्या आणि नियम आठवून पुन्हा बसल्या. पोरांची चुळबुळ थांबली. पेटीआजीच्या पाठीवरून घाम ओघळत होता, उजव्या गुडघ्यात कळ उठत होती. तिला भीती वाटत होती. मरणाची नव्हे, ते केव्हाच ओळखीचं झालं होतं. भीती होती ती पेटी थांबल्यानंतरच्या शांततेची. देवा, तिने मनात म्हटलं, शेवट मला करायला लावू नकोस.

पाचव्यांदा थोरला उभाच राहिला. लिफाफा फाडला.

"आई, पुरे!"

साठ वर्षांत धून चालू असताना कुणी बोललं नव्हतं. पेटीआजीने आरशातून लेकाकडे बघितलं आणि वाजवत राहिली.

तेवढ्यात उजवा पाय थांबला. तिने जोर केला, पण पाय परका झाला होता. सूर खाली खाली जाऊ लागला.

धाकटा बाकावरून धावला आणि पेटीखाली गुडघ्यांवर बसला. ही जागा दोघा भावांच्या ओळखीची होती. लहानपणी एकदा आईचा पाय मोडला, तेव्हा सहा आठवडे दोघांनी दोन फळ्या वाटून घेऊन हातांनी दाबल्या होत्या. आता त्याने आईचे पाय हळूच बाजूला केले आणि दोन्ही फळ्या एकट्याने दाबू लागला. सूर परत आला, पण उचक्या देत. एकदा हुंकार, एकदा काहीच नाही.

थोरला हातात पत्र घेऊन ते ऐकत होता. पेटी पुन्हा अडखळली, तसं त्याला राहवेना.

"अरे, डावी पुरती वर येऊ दे ना! तेव्हाही हेच करायचास!"

आठ महिन्यांतला तो पहिला शब्द.

धाकट्याला धाप लागली होती. "मग नुसता उभा काय? ये, तू दाब!"

थोरल्याने पत्राकडे बघितलं. मग ते बाकावर ठेवलं आणि तरातरा चालत गेला. पँटचे गुडघे न बघताच खाली बसला आणि त्याने डावी फळी धरली. थोरल्या सुनेने इकडे तिकडे बघितलं आणि सरकून त्या पत्रावर बसली.

सूर सरळ झाला. पेटीखालून दोघांची कुजबुज येत होती, "हळू", "तूच हळू", "सरक जरा". पेटीआजीचे डोळे भरून आले, तिला पट्ट्या दिसेनात. दिसायची गरजही नव्हती. या वेळी तिने शेवटची ओळ पूर्ण वाजवली आणि बोटं उचलली.

सूर विरला. आता उठायला हरकत नव्हती. कुणी उठलं नाही. सगळे थोरल्याकडे बघत होते.

तो जमिनीवरच बसून होता, हात अजून फळीवर. "पुढच्या रविवारी डावी मी धरतो," तो भावाला म्हणाला. "तुला जमत नाही."

धाकट्याने वर बघितलं. "पेटी आधी तिकडे सरकवायला हवी. इथे गळतंय."

"गळतंय ना? मग मी इतके दिवस काय सांगत होतो?"

"मेल्यांनो," पेटीआजी म्हणाली, "भांडण मग करा. आधी मला उठवा."

दोघांनी दोन बाजूंनी धरून तिला उभं केलं. ती उभी राहिल्यावरच मंडळी उठली.