आत्याच्या नावावरची गाडी

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये होते. फोन थोरल्या काकांचा होता. "तुझी आत्या गेली. गाडीतच सापडली. झोपेतच गेली म्हणं," एवढं सांगून ते लगेच म्हणाले, "गाडीची चावी तुझ्याकडं हाय का?" महिना होऊन गेला, पण त्या दिवसातलं मला आधी आठवतं ते हेच वाक्य. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच. म्हणून दहाव्याला वाचायला "चार चांगले शब्द लिही" असं काकांनी मला सांगितलं होतं. तेव्हा जमलं नाही. आताही नीट जमेल की नाही, माहीत नाही...

विश्रांतवाडीच्या पुढे आमचं शेत होतं, त्यावर आता आमची सोसायटी उभी आहे. जमीन बिल्डरला देताना आत्याने हक्कसोडपत्रावर सही केली. बहिणी करतात तशीच, साडी घेऊन आणि हसून. भावांना फ्लॅट मिळाले. आत्याला नवऱ्याने लग्नानंतर दोन वर्षांत माहेरी आणून सोडलं होतं, फारकतही दिली नव्हती. ती आमच्याकडे, माझ्या खोलीत राहायची. कोरेगाव पार्कात एका जर्मन जोडप्याकडे तिने कितीतरी वर्षं स्वयंपाक केला. गाडी चालवायला आणि खोलून दुरुस्त करायलाही तिथेच शिकली. ते कायमचे मायदेशी गेले, तेव्हा त्यांनी आपली जुनी कॅम्पर व्हॅन रीतसर तिच्या नावावर करून दिली. आत झोपायला फळी आणि चहापुरता ओटा. "आख्ख्या जगात माझ्या नावावर एवढंच हाय," असं ती म्हणायची, आणि दुपारचा चहा त्याच ओट्यावर करायची.

गाडीचं इंजिन मागे, तेही हवेवर थंड होणारं. रेडिएटर नाही, पाणी नाही. पंख्याभोवतीच्या पत्र्याच्या आवरणात एक ऑइल कूलर उभा असतो, त्याच्या नळ्यांतून तेल फिरतं आणि वाऱ्याने निवतं. तो कूलर गळायला लागला. पार्किंगच्या फरशीवर डाग पडले आणि सोसायटीचे चेअरमन, म्हणजे थोरले काकाच, यांनी पाटी लावली : "येथे तेल गाळू नये. ही सोसायटी आहे, तेलाचा घाणा नव्हे." खाली आपल्या बहिणीचं नाव मात्र घातलं नाही, एवढी कृपा. गळती सोसायटीच्या पुढच्या मीटिंगपर्यंत थांबली नाही तर गाडी बाहेर, असं ठरलं.

नाना पेठेत गाड्यांचे सुटे भाग विकणारा दुकानदार म्हणाला, "मावशी, मोडीत काढा, सुटाल." तरी आत्याने हिंडून हिंडून कूलर मिळवला. आम्ही दोघींनी इंजिन विटांवर उतरवलं. सुटलेले स्क्रू तिने मिसळणाच्या डब्यात वाट्यावाट्यांतून ठेवले. नवा कूलर बसवला, इंजिन चढवलं, आणि सकाळी पुन्हा डाग. तिने सगळं परत खोललं. कूलरच्या बुडाशी तेल अडवायला रबराच्या दोन चकत्या असतात. त्यातली एक जुनी चकती खालीच राहिली होती आणि आम्ही तिच्यावरच नवी बसवली होती. "मेली, तिथंच चिकटून बसलीय बघ," आत्या चाकूने खरवडत म्हणाली, "तुझ्या काकासारखी. कुणी हटवंना आन् आपणहून उठंना." त्या दिवशी आम्ही इतक्या हसलो...

दुसऱ्या दिवशी गाडीखाली अंथरलेलं वर्तमानपत्र कोरडं निघालं. ते घेऊनच आत्या मीटिंगला गेली आणि काकांपुढे टेबलावर पसरलं. काकांनी पाहिलं. म्हणाले, "ते झालं गं. पण पार्किंग फ्लॅटधारकांचं असतं. तुझा फ्लॅट कुठाय?"

"दादा, तू बसलाईस तिथं माझा कोथमिरीचा वाफा हुता," आत्या म्हणाली. कुणीतरी खाकरलं. पुढचा विषय लिफ्टचा होता. माझे वडीलही तिथेच बसले होते. ते खाली बघत होते.

गाडी रस्त्यावर गेली, आणि दुपारच्या वेळी आत्याही तिकडेच असायची. तिथेच ती गेली. दहाव्याला काका रडले, "बहिणीनं कधी उलटून शब्द काढला नाही" असं सगळ्यांना सांगत होते.

मला वाटलं होतं, निदान गाडी तरी आपल्याकडे राहील. कॉलेजात कायदा शिकवणाऱ्या मॅडमना विचारलं. त्यांनी आधी मूलबाळ, मृत्युपत्र, फारकत, सगळं विचारून घेतलं. यातलं काहीच नव्हतं. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "तर मग तिचं जे स्वतःचं, ते नवऱ्याकडे जातं गं."

गेल्या रविवारी ते आले. मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं. पांढरा सदरा, बोलणं मऊ. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "कागदपत्रं व्हायला वेळ लागंल. तवर राहू दे हितंच."

थोरले काका लगबगीने खाली आले. "छे छे, पाव्हणं, रस्त्यावर कशाला? आपली सोसायटी हाय, आत लावा की!" म्हणत त्यांनी स्वतः फाटक उघडलं, आणि गाडीला मागून खांदाही दिला.

आता ती आत उभी आहे, लिफ्टजवळ, सावलीत. कॉलेजला जाताना मी रोज वाकून बघते. फरशी कोरडी असते.