दोन्ही बाजूंना काजं

हातानं केलेली वस्तू करणाऱ्या माणसापेक्षा जास्त जगते, आणि तिच्यात त्या माणसाचा जीव उतरलेला असतो... आक्कांच्या दशक्रियेला राहू गावच्या घाटावर एका वक्त्यांनी हे सांगितलं, तेव्हा मी मान डोलावली. वक्ते कुठल्याशा साखर कारखान्याचे माजी संचालक होते. त्यांना पुढं अजून एका दशक्रियेला जायचं होतं, त्यामुळं आक्कांच्या मातृहृदयाबद्दल ते जरा घाईत बोलले आणि दोनदा त्यांचं नावही चुकले. माझ्या शेजारची बाई कुजबुजली, "कुणाबद्दल चाललंय?" तरीही ते पहिलं वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. आक्कांनी आयुष्यभर गावातल्या लेकरांसाठी हातानं शिवलं, तेव्हा वाक्य त्यांना शोभणारं होतं. त्याचा खरा त्रास मला नंतर झाला.

आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. माहेर कवठे येमाईचं, सासर राहूचं. माझ्या सासऱ्यांच्या तरुणपणापर्यंत घरात मेंढरं होती, आणि लहानपणी मेंढरांमागं हिंडल्याचा अभिमान आक्कांना शेवटपर्यंत होता. त्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी शिरूरला शाळेत होते. "मामी, आई गेली," एवढंच बोलून दत्तानं, त्यांच्या मुलानं, फोन दुसऱ्याच्या हातात दिला. तो दुसरा कोण ते मला अजून माहीत नाही. त्यानं मला अंत्यविधीची वेळ सांगितली आणि येताना यवतवरून या, रस्ता बरा आहे, असंही सांगितलं.

आक्कांचं शिवणकाम बाळ जन्मल्यावर सुरू व्हायचं, आधी नाही. गावात कुणी बाळंत झाल्याचं कळलं की त्या जुन्या सुती साडीचे तुकडे काढायच्या आणि दोन दिवसांत कुंची, टोपडं, दुपटी तयार. त्याआधी सुईला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. पोटातल्या पोराच्या नावानं काही शिवू नये, विणू नये. आणि जन्मल्यावरही पहिलं कापड नवं नको, दुसऱ्या लेकराच्या अंगावरून उतरलेलं हवं. तेही कुठल्याही नाही, धडधाकट, खेळत्या लेकराच्या. "म्हंजी त्येचं बघून ह्येबी तसंच वाढतं," असं त्या सांगायच्या. मी बी.ए., बी.एड. झालेली, पुस्तकं वाचणारी सून. मला हे ऐकून हसू यायचं, आणि ते मी फारसं लपवायचेही नाही.

नव्वद सालाच्या पुढंमागं आम्ही दौंडला भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. ह्यांची नोकरी तिथं होती. मला दिवस राहिले तसं मी बाजारातून पिवळी लोकर आणली आणि एका मासिकातली आकृती समोर ठेवून स्वेटर विणायला घेतला. विणकाम मला येत नव्हतं, पण मासिकात 'सोपी कृती' असं लिहिलं होतं. आक्का एसटीनं भेटायला आल्या आणि माझ्या हातातल्या सुया बघून दारातच थांबल्या. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. पण त्या आत आल्या, पाणी प्यायल्या आणि लोकरीचा गुंडा हातात घेऊन बोटांनी चोळत बसल्या.

"अस्सल हाय," त्या म्हणाल्या. "मेंढरात वाढलेय मी. हात लावला की कळतं."

"विणू ना मग?"

"मी कोन सांगनारी? तू शिकल्याली." मग विणलेलं उलगडून बघत म्हणाल्या, "काजं दोन्हीकडं कशापायी केलीस गं? बटनं काय पाठीला लावनार?"

खरंच, दोन्ही पट्ट्यांना मी काजं करून ठेवली होती. एक पान मासिकातून गळालं असावं. आक्का डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मीही हसले. उसवून पुन्हा विणायचा मला कंटाळा आला, म्हणून आम्ही ठरवलं की बटणांच्या जागी फीत ओवायची.

सातव्या महिन्यात ते मूल गेलं. मुलगा होता. दवाखान्यातून घरी आले तेव्हा स्वेटर, सुया, उरलेली लोकर, यांतलं काहीच जागेवर नव्हतं. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "आक्का घेऊन गेली." पुढं मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. नदीत सोडला असेल किंवा जाळला असेल, असं मी धरून चालले. आक्का त्यानंतर पंधरा दिवस माझ्याकडं राहिल्या. माझं डोकं विंचरून दिलं, खायला करून घातलं, गावातल्या सगळ्यांच्या भानगडी सांगितल्या. विणकामाबद्दल एक अक्षर नाही. बोलल्या असत्या तर मी भांडले असते आणि विषय संपला असता. त्या बोलल्या नाहीत, म्हणून तो राहिला. त्या माझ्या सुयांना दोष देत होत्या की नव्हत्या? मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहायचे. त्यांच्या तोंडावर मेथी निवडणाऱ्या बाईच्या तोंडावर असतं तेवढंच असायचं.

पुढं मुलगी झाली, मीनल. त्या खेपेला मी सुईला हात लावला नाही. वेळच मिळत नाही, असं मी सगळ्यांना सांगत होते, स्वतःलाही. आक्कांनी पाचव्या दिवशी कुणाचं तरी धुऊन धुऊन विरलेलं झबलं आणून तिला घातलं आणि मी निमूटपणे घालू दिलं. मग आम्ही शिरूरला आलो, वर्षं गेली. आक्का यायच्या, आम्ही जायचो. किती दुपारी आम्ही दोघीच एकमेकींसमोर बसलो असू... विचारायला काय लागत होतं? पण आक्कांच्या हातात भाजी असली की वाटायचं, निवडून होऊ दे. मग चहा व्हायचा. मग शेवटची एसटी निघायची.

दशक्रियेनंतर मी दोन दिवस राहूला थांबले. दुसऱ्या दिवशी दुपारी घरात मी एकटीच होते, तेव्हा पलीकडच्या गल्लीतल्या हिराबाई आल्या. साठीच्या, ठसठशीत कुंकवाच्या. दुःखाचे दोन शब्द बोलून झाल्यावर घुटमळत म्हणाल्या, "दत्ताच्या मामी न्हवं का तुम्ही? बरं झालं, तुमीच घावला. आमची सून परवा बाळंत झाली. तेवढा सूटर देता का? बारश्यानंतर आनून देते."

"कुठला स्वेटर?"

"आता! तुमच्याच पोराचा की. पिवळा. आक्काच्या ट्रंकंत असतोय. आमच्या आळीत समद्या पोरांना पयला त्योच घालत्यात. माझ्या दोन्ही नातवांना घातलाय. लई गुनाचा हाय."

मी ट्रंक उघडली. वरच, स्वच्छ पातळात गुंडाळलेला होता. दोन्ही बाजूंना काजं. त्यांतून लाल फीत ओवलेली. गळ्याशी दुधाचे जुने डाग, कोपरावर वेगळ्याच रंगाच्या दोऱ्यानं केलेली डागडुजी. पोटापाशी फुगून तो चांगला सैल झाला होता. किती पोटांनी, कोण जाणे.

हिराबाई मागून बोलतच होत्या. "आक्का सांगायच्या, भावाच्या पोरानं पयला घातला, आन् पोरगं एका दिसाचं आजारी न्हाई पडलं. त्येच्या अंगावरचं म्हनून तर आमी नेतो. लई द्वाड होता म्हनं ल्हानपनी. कवा आनला न्हाईत त्येला हितं?" मग हिशेब करत म्हणाल्या, "आता बारावीला आसंल न्हवं?"

मी स्वेटर हातात धरून बसले होते. आक्कांचा नियम खरा मानला तर हा स्वेटर त्यांनी जाळायला हवा होता. खोटा मानला तर गोष्ट रचायची गरज नव्हती. त्यांनी नियमही पाळला होता आणि स्वेटरही ठेवला होता. त्यासाठी जे करावं लागत होतं, तेवढं त्यांनी केलं होतं. पोराला वाढवलं होतं. गोवरसुद्धा येऊ न देता. माझ्या सुयांना त्यांनी दोष दिला होता की नव्हता, याचं हे उत्तर होतं का? आणि असलं तर काय उत्तर होतं?

"व्हय ना? बारावीला?" हिराबाईंनी पुन्हा विचारलं.

"हो," मी म्हणाले. "सायन्सला आहे."

"बरं केलंत," म्हणून त्या स्वेटर घेऊन गेल्या.

संध्याकाळी दत्ताला विचारलं. त्यानं कान खाजवला. "मामी, आई लोकांला कायबी सांगायची. मी कधी मधी पडलो न्हाई." शिरूरला परत आल्यावर ह्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "सायन्स म्हणजे क्लास लावावे लागतील." आणि उठून आत गेले. त्या रात्री आम्ही दोघंही नेहमीपेक्षा कमी जेवलो.

बारसं झाल्यावर हिराबाईंनी शब्द पाळला. स्वेटर धुऊन, घडी घालून दत्ताकडं पोचवला. दत्ताच्या बायकोनं तो पुन्हा आक्कांच्या ट्रंकेत ठेवला आहे, कारण पुढच्या महिन्यात कासुर्डीला दिलेली कुणाची तरी लेक बाळंतपणाला यायची आहे. मी तो मागितला नाही. आपल्याच पोराचा स्वेटर, वापरात आहे.

त्या माजी संचालकांचं वाक्य मात्र मला अजून छळतं. हातानं केलेली वस्तू टिकते, हे खरं. इतकी वर्षं, इतकी पोरं, तरी लोकर खाणारी कसर त्या स्वेटरला एकदाही लागलेली नाही. दौंडच्या दुकानातल्या त्या गुंड्याचा कागद मी तेव्हाच वाचला होता, आक्कांना सांगितला नव्हता. तो ॲक्रिलिकचा आहे.