चौकट कापलेली आहे

जुन्या चित्रपटांच्या डिस्कवरचे चित्र कसे आहे, हे ठरवण्याचे काम मी काही वर्षे केले. नागपूरहून निघणाऱ्या एका लहान पाक्षिकात माझे सदर होते. कथा, संगीत, अभिनय यांविषयी इतर लोक लिहीत. मी फक्त चित्राविषयी लिहीत असे. काळा रंग खरोखर काळा आहे की राखाडी, चेहऱ्यावरची सावली टिकली आहे की नाही, मूळ चौकट पूर्ण आहे की कडेने कापली आहे. तिरोड्यासारख्या लहान गावात राहून, कनिष्ठ महाविद्यालयात शिकवत मी इतके बारकाईने पाहतो, याचे वाचकांना कौतुक वाटे. मलाही वाटे.

नजर मात्र माझी नव्हती. ती माझ्या मोठ्या भावाची होती.

दादा गोंदियाच्या एका टॉकीजमध्ये पंचवीस वर्षे ऑपरेटर होता. केबिनच्या भिंतीतल्या वीतभर भोकातून पडदा पाहण्यात त्याचे आयुष्य गेले. टॉकीज बंद पडली आणि तो आमच्याकडे राहायला आला. दर रविवारी सकाळी, भारनियमनाची वेळ होण्याआधी, आम्ही दोघे टीव्हीसमोर बसत असू. पडदा मधोमध पाहायचा नसतो, हे त्यानेच मला शिकवले. मधोमध नायिका असते आणि ती खराब प्रिंटमध्येही चांगलीच दिसते. प्रिंटची परीक्षा कोपऱ्यात होते. तो बोलत असे आणि मी वहीत टिपून घेत असे. नंतर त्याची बोली पुसून, वाक्ये घासूनपुसून, ते माझ्या नावाने पाठवत असे. त्याचे नाव कधी छापून आले नाही. त्याने ते मागितलेही नाही.

व्हीसीडी जाऊन डीव्हीडी आल्या, त्या काळात तो कोपऱ्यांविषयी वारंवार तक्रार करू लागला.

"कोपरे कापून टाकले ना बे यानं," तो एकदा म्हणाला. "इथं दाराजवळ नोकर उभा राहते. तो दिसूनच नाही राहिला."

कडा कापून चित्रपट विकणारे त्या वेळी खरोखरच होते, त्यामुळे मला शंका आली नाही. पण खरे कारण वेगळे आहे. मी वहीतून मान वर केली नाही. त्या डिस्कविषयी 'चौकट कापलेली आहे' असे मी लिहिले, आणि पुढच्या दोन डिस्कविषयीही तेच.

मग एका वाचकाचे पत्र आले. तीच डिस्क त्याच्याकडे होती. नोकर फेट्यापासून जोड्यापर्यंत पूर्ण दिसतो, परीक्षकांनी चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा, असे त्याने लिहिले होते. संपादकांनी ते छापले.

त्या रविवारी महाविद्यालयातले दोन सहकारी घरी आले होते. मी त्यांच्यादेखत डिस्क लावली. नोकर दारात उभा होता. मी दादाला जवळ बोलावून टीव्हीवर बोट ठेवले. त्याने मान पूर्ण वळवली, डोळे त्या जागी नेले आणि नवलाने म्हणाला, "हा, आहे ना. आता दिसते."

मान का वळवावी लागली, एवढे तरी तेव्हा माझ्या लक्षात यायला हवे होते. घरात आम्ही दोघे आमच्या बोलीत बोलत असू; त्या दिवशी मी मुद्दाम पुस्तकी मराठीत बोललो.

"टॉकीज बंद पडली, तशी तुझी नजरही संपली आहे, दादा. यापुढे मत देत जाऊ नकोस."

सहकारी चहाच्या कपांकडे पाहत राहिले. दादा "बरं" म्हणाला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. त्यानंतर कोणतीही डिस्क लावली तरी तो एवढेच म्हणत असे, "चांगलं आहे." तो रुसला आहे, असे मी आधी समजलो. पुढे मला ते सोयीचे वाटू लागले; सदर मी एकट्यानेच लिहू लागलो.

दोन वर्षांनी, भरदुपारी, स्टेशनच्या रस्त्यावर कडेला उभी असलेली मोटरसायकल न दिसल्यामुळे तो पडला. नागपूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. नजर कडेकडून जाते, गेलेली परत येत नाही. वेळेवर आणले असते, तर पुष्कळशी वाचली असती. मग त्यांनी विचारले, "बाजूचं दिसत नाही, हे केव्हापासून?"

"ध्यानात नाही, साहेब," दादा म्हणाला.

माझ्या ध्यानात होते. अंक, पान, ओळ, सगळे छापलेले होते, माझ्या नावानिशी. डॉक्टरांनी कागदावर 'माहीत नाही' असे लिहिले.

परतताना गाडीत दादाने माझा चेहरा शोधला. मान थोडी इकडे, थोडी तिकडे करून त्याला तो सापडला.

"काऊन तोंड पाडून बसला बे? पंचवीस वर्षं भोकातूनच पाह्यलं ना मी. आता बी तसंच."

तो हसला.

सदर मी बंद केले. वाचकांना कारण कळवले नाही. रविवारी दादा अजूनही टीव्हीसमोर बसतो. चित्र कसे आहे, हे मी त्याला विचारत नाही. विचारले तर तो "चांगलं आहे" म्हणेल, आणि तसे म्हणायला त्याला मीच लावले आहे.