कूलरसमोरचा वांदा

मिस्टरांचं सीताबर्डीतलं सूटिंग-शर्टिंगचं दुकान बंद झालं, त्यानंतरही काही महिने ते रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून हॉलमध्ये बसायचे. पुढे दाढी सुटली, शर्ट सुटला आणि शेवटी हॉलमध्ये येणंही सुटलं. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिपोर्ट तपासते. आकडा नॉर्मल रेंजच्या बाहेर असला की त्याखाली रेघ मारायची, हे माझं काम. त्यांच्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. थायरॉईड, बी-ट्वेल्व्ह, साखर, कशाखालीच रेघ मारावी लागली नाही. माणूस मात्र भिंतीकडे तोंड करून पडलेला. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि म्हणाले, यांना सकाळी उठायला काहीतरी कारण पाहिजे. ते कुठं मिळतं, हे त्यांनी सांगितलं नाही.

फेब्रुवारीत लॅबमधून परतताना बर्डीवर फुटपाथवर एक झाडंवाला बसलेला दिसला. त्याच्याकडे एक ऑर्किड टांगलेलं होतं, तळहाताएवढी पाच जांभळी फुलं असलेलं.

"वँडा आहे ताई. याले माती नाही लागत, हवेवरच जगते. रोज सकाळी पाणी मारलं की झालं."

रोज सकाळी, हे दोन शब्द ऐकून मी थांबले. मुळांभोवती नारळाचा ओला काथ्या गच्च बांधलेला होता. म्हटलं, हा सोडून दाखवा.

"सोडला तर मुळाले हवा लागते, ताई."

"आत्ताच म्हणालात ना, हवेवर जगतं म्हणून?"

"तुम्ही मास्तरीण आहे का?" तो म्हणाला आणि झाड पिशवीत घालू लागला. मी घेऊन आले.

मिस्टर पडूनच होते. काय आणलं, त्यांनी विचारलं. मी नाव सांगितलं.

"वांदा? आधीचे वांदे काय कमी होते, का अजून एक विकत आणला?"

कित्येक महिन्यांत त्यांनी केलेला हा पहिला विनोद. तो होता त्याहून मी जास्त हसले. एवढं हसण्यासारखं काय आहे ते पाहायला ते उठून बसले.

काथ्या कापला तेव्हा नालीसारखा वास आला. नऊ मुळं होती. एकेक बोटांत धरून दाबत गेले. सातांची साल मोज्यासारखी निघून आली आणि आत नुसता दोरा उरला. दोनच घट्ट होती. मिस्टरांनी माझ्या हातून झाड घेतलं आणि एक पान अंगठा नि बोटाच्या चिमटीत धरून, कापडाचा पोत पाहतात तसं चोळलं.

"सुटपीस विकत होतो तेव्हाही असे लोक असायचे," ते म्हणाले. "वरची घडी चकचकीत, आत फाटका माल."

सडकी मुळं आम्ही कापली, सड पसरू नये म्हणून कापल्या जागी दालचिनीची पूड लावली, फुलांचा दांडाही काढून टाकला. अकरा पानांना दोन मुळं पुरणार नाहीत, असं मी सांगितलं. "तुले कोणी विचारलं?" ते म्हणाले आणि टांगायला नायलॉनची दोरी शोधू लागले.

दुसऱ्या दिवशी मी त्या झाडंवाल्याकडे गेले. तो शांतपणे म्हणाला, "फुलं पाहून घेतलं ना तुम्ही? मुळं पाहून कोण घेते?"

पण मिस्टर उठू लागले. माझा स्वयंपाक व्हायच्या आत ते बाल्कनीत असायचे. बादलीत मुळं बुडवून उभे राहायचे आणि रुपेरी मुळं पाण्यात हिरवी झाली की हाक मारायचे, "अवं, ये इकडे, पाहा." मी गॅस बारीक करून जायची. रोज तीच मुळं, रोज तसाच हिरवा रंग. तरी जायची. झाडाला बोअरचं पाणी घातलं म्हणून एकदा ते मला रागावले. रागावलेला आवाज इतक्या दिवसांनी ऐकून बरं वाटलं. मार्चमध्ये एका मुळाचं टोक तांदळाच्या दाण्याएवढं पुढं आलं. ते त्यांनी दुकानातल्या टेपनं मोजलं. मी विचारलं, किती? म्हणाले, "टेपवर येत नाही अजून."

एप्रिलच्या शेवटी पारा त्रेचाळीसला गेला. मी आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणलं होतं. दुपारी बाल्कनीत ते चौदा टक्के दाखवायचं. पानांवर सुरकुत्या पडल्या. ओली गोणपाटं लावून पाहिली, ती तासाभरात कडक वाळायची. एका दुपारी मिस्टर म्हणाले, "कूलरसमोर टांगू."

दुकानाच्या चाव्या परत केल्यापासून त्यांनी स्वतःहून ठरवलेली ही पहिली गोष्ट. आकडा वाईट आला असता तरी मी हो म्हटलं असतं. पण आकडा चांगला होता. कूलरच्या वाऱ्यात अडुसष्ट टक्के. झाड हॉलमध्ये पडद्याच्या दांडीला लागलं. स्वतःची गादीही त्यांनी हॉलमध्ये आणली. दुपारभर एकाच वाऱ्यात खाली ते आणि वर झाड.

पानं खरंच ताठ झाली. ते पाहून मिस्टरांनी एक दिवस दाढी केली.

मेच्या मध्याला शेंड्याचं पान बुडाशी पिवळं दिसलं. मी हलकेच ओढलं तर ते हातात आलं. बूड काळं, आणि तोच नालीचा वास. कूलर नुसती ओल फेकत नाही, बारीक शिंतोडेही फेकतो. ते दिवसरात्र पानांच्या बेचक्यात साचत राहिले आणि शेंडा सडला. मी हवेतली ओल मोजली होती, शिंतोडे मोजले नव्हते. या झाडाला एकच शेंडा असतो. तो गेला की वर काही फुटत नाही.

मिस्टर मागे उभे होते. "कूलरनं झालं का?"

सांगायला दुसरी कारणं होती. पाणी जड होतं, माल मुळातच सडका होता, ऊन होतं. यातलं काहीच खोटं नव्हतं. पण त्यांनी विचारलं होतं ते वेगळं. आयुष्यात मी कुणाचा रिपोर्ट बदलून दिलेला नाही.

"हो," मी म्हटलं.

त्यांनी जाऊन कूलर बंद केला. बाहेर पंचेचाळीस होतं. गादीवर बसून राहिले, बनियन अंगाला चिकटली तरी.

"चालू करा ना."

"राहू दे."

संध्याकाळी मीच बटण दाबलं. दुसऱ्या सकाळी ते उठले नाहीत.

मी सांगितलं, कधीकधी बुडाशी नवं पिल्लू फुटतं.

"कितीक चान्स?"

"मुळं दोनच आहेत."

"नीट सांग वं."

"नसल्यासारखाच."

"मग झालं तर," म्हणून त्यांनी चादर ओढून घेतली.

जूनअखेरीस कूलर काढला, गादी आतल्या खोलीत गेली, झाड परत बाल्कनीत. पानं एकेक करून गळली. आता दांडा आहे, काडीसारखा, नखानं खरवडलं तर आतही तपकिरी. मी रोज सकाळी लॅबला निघण्याआधी त्यावर पाणी मारते. बादली जरा आपटूनच ठेवते, आतल्या खोलीत ऐकू जाईल इतपत.

काल आतून आवाज आला. "मेलेल्याले काहून पाणी मारून राहिली वं?"

"मेलं का ते येऊन पाहा," मी म्हटलं.

मग पलंग करकरला. मी बादली हातात धरून उभी राहिले. पाय जमिनीवर टेकल्याचा आवाज येईल म्हणून थांबले, लॅबला उशीर झाला तरी थांबले. त्यांनी फक्त कूस बदलली होती.