सोवळ्यातली प्लेट

दातांवरच्या तारा निघाल्या त्या दिवशी मी पणजीपासून पेडण्यापर्यंत बसच्या खिडकीत तोंड उघडं ठेवून आले. हसण्यासारखं काही घडलं नव्हतं. पण पुढे आलेल्या दातांमुळे शेजारची पोरं मला लहानपणापासून 'आदोळी' म्हणत, म्हणजे नारळ खवायची विळी. अशा मुलीला सरळ दात मिळाले की हसायला कारण लागत नाही. म्हापशाच्या पुढे रस्त्याची धूळ दातांखाली कचकचायला लागली, तरी मी तोंड मिटलं नाही.

तारांच्या जागी डॉक्टरांनी एक प्लेट दिली होती. गुलाबी, टाळूला चिकटून बसणारी, पुढून दातांना धरणारी एक बारीक तार. वर्षभर रात्रंदिवस घालायची, फक्त खाताना काढायची, मऊ ब्रशने थंड पाण्यात धुवायची. गरम पाणी अजिबात नाही. "काढून ठेवलीस तर दात परत जुन्या जागी जायला लागतील," डॉक्टर म्हणाले, "आणि मी काही दुसऱ्यांदा तारा लावणार नाही." बाबांनी मान डोलावली. मी तर गावच्या सगळ्या देवांची शपथ घेतली. शपथेला काय लागतं!

गावात बातमी अशी पसरली की अमक्याच्या मुलीला सतराव्या वर्षी कवळी बसवली. एक शेजारीण मुद्दाम बघायला आली, माझ्या तोंडात डोकावली आणि आईला म्हणाली, "आतां हिका सोयरीक खंयची मेळटली गो?" प्लेट घातली की माझा प्रत्येक 'स' बोबडा यायचा. गोवा नुकतंच घटकराज्य झालं होतं. आमच्या पडवीत बाबा आणि त्यांचे मित्र मराठी की कोंकणी यावर कप आपटून भांडत. त्यांच्या मुलीच्या तोंडून दोन्हींतली एकही धड निघत नव्हती, याची चिंता त्या भाषाभिमान्यांपैकी एकालाही नव्हती.

पण खरी अडचण होती आते. बाबांची थोरली बहीण. लग्नानंतर दोनच वर्षांत विधवा होऊन माहेरी आली आणि तिने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं, ते आजोबांनाही परत मिळालं नाही. लोणच्याच्या बरणीला कुणी हात लावायचा, पाण्याच्या घागरीपाशी कुणी जायचं, सगळं तिच्या हातात. गणेशचवथीचा नैवेद्य तर तिच्याशिवाय कुणी करायचाच नाही. त्या एका दिवसावर ती उरलेलं वर्ष काढायची, असं मला वाटतं.

तिने प्लेट एकदाच पाहिली आणि निकाल दिला. "तोंडांतलें भायर काडलें की तें उष्टें. मागीर तें प्लास्टिकाचें आसूं वा भांगराचें." भांगर म्हणजे सोनं, त्यालाही सूट नव्हती.

मग नियम ठरले. प्लेट घरात काढायची नाही. मागच्या दाराने न्हाणीत जायचं, तिथे काढायची, धुवायची, डबीत घालून न्हाणीच्या खिडकीत ठेवायची, कोपरापर्यंत हात धुवायचे, तीनदा चूळ भरायची आणि मग पानावर बसायचं. जेवून झालं की हेच सगळं उलट. आणि आमच्याकडे खाणं म्हणजे सकाळचा चहा-पाव, अकराची पेज, दुपारचं जेवण, पुन्हा चहा, रात्रीचं जेवण. देवळातल्या भटजींनाही दिवसात इतक्या वेळा हात धुवावे लागत नसतील.

पंधरा दिवस मी हे केलं. मग एकदा पेजेनंतर प्लेट घालायची राहिली. मग ती जेवणापर्यंत राहू दिली, कारण लगेच काढायचीच होती. मग चहापर्यंत. श्रावण लागायच्या आधीच डबी न्हाणीच्या खिडकीत कायमची राहायला गेली. आतेच्या नियमांमुळे, असं मी मनाशी म्हणत असे. खरं म्हणजे मला आळस होता. आरशात दात छान दिसत होते आणि मैत्रिणींशी बोलताना 'स' स्वच्छ येत होता. आईने विचारलं की मी सांगायचे, आताच काढली. बाबांनी विचारलं की, रात्री घालते.

चवथीला आठ दिवस असताना सहज म्हणून डबी उघडली. प्लेटवर पांढरी पुटं चढली होती आणि वास येत होता. धुऊन तोंडात घातली, तर ती बसेना. एका बाजूने दाबली की दुसऱ्या बाजूने उचलायची, आणि पुढचे दात असे ठणकले की डोळ्यांत पाणी आलं. आरसा घेऊन नीट पाहिलं. एक दात शेजाऱ्यावर चढायला लागला होता. पुन्हा आदोळी व्हायचं, आणि तेही बाबांना तोंड देऊन. मी प्लेट डबीत टाकली आणि चवथ होऊन जाऊ दे, मग बघू, असं ठरवलं.

इकडे आतेने घर सोवळ्यात घ्यायला सुरुवात केली होती. तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासली, पाट धुतले, डबे उन्हात टाकले. चवथीच्या सकाळी तिच्या मनात माझी प्लेट आली. घरचा गणपती, सगळं कुटुंब एका पंगतीला, आणि ही पोर तेवढी न्हाणीत जाऊन तोंडातलं काढणार? तिला ते बरं वाटलं नसावं. तिने डबी आणली, पितळेच्या पातेल्यात पाणी खळखळा उकळलं, तुळशीचं पान घातलं आणि माझी प्लेट त्यात शुद्ध केली. पाव तास.

पंगतीच्या वेळी हळदीच्या पानातल्या पातोळ्या वाढून झाल्यावर ती माझ्याकडे केळीच्या पानाचा तुकडा घेऊन आली. त्यावर प्लेट. आमसुलासारखी आकसून वळलेली.

"आतां ही शुद्ध जाली," ती म्हणाली. चेहऱ्यावर केवढा आनंद! "आतां न्हाणयेंत वचपाक नाका. हांगाच काड, हांगाच घाल."

मी ती उचलली, सगळ्यांसमोर टाळूला लावून पाहिली आणि भोकांड पसरलं. "आतेनं माझी प्लेट जाळली! माझे दात आता परत पुढे येणार!" चोराच्या उलट्या बोंबा याहून मोठ्याने कुणी मारल्या नसतील. मला इतकं हायसं वाटलं होतं की रडू आपोआप येत होतं.

बाबा पानावरून उठले. थोरल्या बहिणीपुढे त्यांचा आवाज कधी चढला नव्हता. त्या दिवशी गणपतीसमोर, वीस माणसांत, ते म्हणाले, "तुझ्या सोवळ्यानं पोरीच्या आयुष्याचं वाटोळं केलं. आजपासून बस कर हे." हातातला केळीच्या पानाचा तुकडा आतेने तसाच धरून ठेवला होता. माझ्या पानात पातोळ्या होत्या. रडून झाल्यावर मी त्या खाल्ल्या, आणि आणखी मागितल्या.

आठवड्याने पणजीला जायचं ठरलं तेव्हा आते स्वतःहून निघाली. चूक तिची, तर डॉक्टरांना जाबही तिनेच द्यायला हवा, असं तिचं म्हणणं. बाबा बाहेर बाकावर पेपर वाचत बसले आणि आम्ही दोघी आत गेलो. डॉक्टरांनी वळलेली प्लेट पाहिली, आतेचं ऐकून घेतलं, मग माझे दात तपासले. बराच वेळ तपासले.

"हे दात आठ दिवसांत सरकलेले नाहीत," ते म्हणाले. "हिने निदान दोन महिने प्लेट घातलेली नाही. उकळली नसती तरी बसली नसती."

मी पायांकडे बघत राहिले. आतेने माझ्याकडे पाहिलं ते मला मानेवर कळलं. मग ती डॉक्टरांना म्हणाली, "तें आसूं, दोतोर. नवी करून दियात." ते म्हणाले, वेळेवर आलात, नव्या प्लेटने दात बरेचसे मागे घेता येतील, पण आता एकही दिवस चुकता कामा नये.

बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं, काय म्हणाले? आतेने सांगितलं, "नवी करतलो." तेवढंच. मीही तेवढंच सांगितलं.

पेडण्याला बसमधून उतरल्यावर बाबा पुढे गेले, तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "माका आठ दीस जेवण गळ्या सकयल देंवूंक ना. तूं मात पातोळ्यो मागून मागून खातालें." आठ दिवस तिच्या गळ्याखाली घास उतरला नव्हता, हे ऐकून मला रस्त्यातच मेल्यासारखं झालं. तरी मी क्षमा मागितली नाही.

नवी प्लेट आली त्या दिवशी आतेने डबी माझ्या हातातून घेतली आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवली. म्हणाली, हांगा म्हज्या दोळ्यां मुखार. वर्षभर मी प्लेट पानावर बसून काढली आणि तिच्यासमोर घातली. घातल्याशिवाय ती मला पाटावरून उठू देत नसे. घरच्यांना वाटलं, बाबांच्या बोलण्याने म्हातारी सुधारली. पुढच्या चवथीला तिने नैवेद्याला हात लावला नाही. आईला सगळं सांगत दाराशी बसून राहिली. चुलत भावंडं ओरडायची, "आते, प्लेट उकडूंया?" आणि पंगत हसायची. मीही हसायचे, चांगले सरळ दात दाखवून.

एक वाक्य बोलले असते तर तिचं स्वयंपाकघर तिला परत मिळालं असतं. ती असेपर्यंत ते मी बोलले नाही. आजही कुणी विचारलं की या वयात दात इतके सरळ कसे, की मी पणजीच्या डॉक्टरांचं नाव सांगते.