कडुलिंबाचा प्रयोग

माझ्या वडिलांना साप चावला होता की नाही, हे आजतागायत कोणालाही नक्की ठाऊक नाही. माझे भाऊ मात्र छातीठोकपणे सांगतात, एक म्हणतो चावला, दुसरा म्हणतो काटा टोचला. दोघंही त्या वेळी पाळण्यात होते.

वडील निजामाच्या राज्यात सरकारी मिडल स्कूलमध्ये शास्त्र शिकवायचे, तेही उर्दूतून. घरी, लोहाऱ्याकडच्या आमच्या गावात, ते आमच्यासारखंच बोलत. पण वाद पेटला की त्यांना उर्दू चढायची. आईनं मारुतीला नारळ बोलला की हे विचारणार, "सबूत काय?" दर्ग्यातली उदी आणली, की पुन्हा, "सबूत काय?" एकदा आई वैतागून म्हणाली, "तुमी आत्ता जेवलाव ह्याचा सबूत काय? का पुन्यांदा वाढू?" आई मारुतीलाही जायची आणि दर्ग्यातही. देवाच्या बाबतीत हात आखडता घेऊ नये, असं तिचं मत होतं.

शाळेला शुक्रवारी सुट्टी असायची. अशाच एका शुक्रवारी सकाळी वडील म्हशीसाठी कडब्याच्या गंजीत हात घालून पेंडी ओढत होते आणि एकदम ओरडले. डाव्या मनगटाजवळ दोन ठिपके, त्यातून रक्त. साप कोणी पाहिला नाही. "बाभळीचा काटा असंल," वडील म्हणाले. बाभळीचे काटे जोडीनं असतात खरे, पण सापाचे विषारी दातही दोनच. मी बारा वर्षांची होते. वडील घाबरलेले मी तोवर कधी पाहिले नव्हते.

आमच्याकडची रीत अशी होती. तालुक्याच्या दवाखान्यात न्यायला गाडी जुंपेपर्यंत माणसाला मारुतीच्या पारावर बसवायचं आणि आधी मिरची, मग कडुलिंबाचा पाला चावायला द्यायचा. मिरची तिखट लागली, पाला कडू लागला, तर विष नाही. नाही लागला, तर विष चढलं. निकाल जागच्या जागी.

आधी मिरची आली. वडिलांनी ती देठापर्यंत खाल्ली.

"तिखट लागतीया का?"

"न्हाय."

बायकांनी एकदम गळा काढला. कोणीतरी डोक्यावरची टोपी काढली. शेवटी किराणा दुकानदार पुढे झाला. "आवो, रडताव काय? मास्तरांना कवा तिखट लागलंय? माझ्या दुकानची निम्मी मिरची ह्यांच्याच घरी जाती!" हे खरं होतं. वडील जेवताना मिरच्या काकडीसारख्या खायचे. रडणं थांबलं, पण निकाल तसाच लोंबकळत राहिला.

मग लिंबाचा पाला आला. वडिलांनी तो हातात धरला आणि तोंड गच्च मिटलं.

"आदी ज्यास्नी साप चावला न्हाय त्यास्नी द्या," ते म्हणाले. "त्यास्नी कसा लागतो ते कळल्याबिगर माझ्या तोंडाचा काय सबूत?"

गाव चिडलं. मरायला टेकलेला माणूस अटी घालतोय, हे कोणाला खपेना. पण वडील तोंड उघडेनात, तेव्हा एकेकानं नाइलाजानं पाला घेतला. वडिलांनी मला घरी पिटाळून वही आणि शिसपेन्सिल आणवली. चावलेला हात छातीशी धरून दुसऱ्या हातानं रकाने आखले. नाव, चव, सबब.

पाटलांना पाला पाण्यासारखा लागला. सबब, तंबाखू. दुकानदाराला गोडसर लागला. सबब, दिवसभर गूळ चाखणं. गुरव म्हणाला, "देवाच्या पारावरल्या झाडाला कडू कसं म्हनू?" आणि त्यानं काही सांगितलंच नाही. दर्ग्याचे मुजावर नमाजाला निघाले होते, त्यांनाही थांबवलं. ते म्हणाले, "कडवा हय मास्तरसाब, लेकिन उतना नै."

वडील खुलले. "म्हंजे ह्या हिशेबानं निम्म्या गावाला साप चावलाय!" अख्खा पार हसायला लागला. आपण मरणार आहोत की काय, हे वडील साफ विसरले होते. मला त्यांचा भयंकर राग आला.

तेवढ्यात आई पुढे झाली. ती सगळा वेळ पाण्याचा तांब्या धरून उभी होती. तिनं एक डहाळी ओरबाडली, पाला तोंडात कोंबला, चावला आणि कोरडी भाकरी गिळावी तसा गिळला.

"मला तर कायबी लागंना," ती म्हणाली.

"वैनी, तुमालाबी चावला का काय?" कोणीतरी हसलं. बाकी कोणी हसलं नाही. आई तंबाखू खात नव्हती, गूळ चाखत नव्हती. वडिलांनी तिचं नाव लिहिलं, चवीपुढं "नाही" लिहिलं आणि सबबीच्या रकान्यात पेन्सिल टेकवून थांबले. तो रकाना त्यांनी कोराच ठेवला. मग आणखी सबूत न मागता स्वतः पाला तोंडात घातला.

"कडू हाय," आईकडे बघत ते म्हणाले. "लई कडू हाय."

आई मटकन खाली बसली आणि रडली. मी मात्र वडिलांच्या तोंडाकडं बघत होते. हिवतापात क्विनाईन घेताना ते जसं तोंड वाकडं करायचे, तसं त्यांनी केलं नव्हतं.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मनगटाला आयोडीन लावलं आणि सांगितलं, "शाम तक जिंदा रहे, तो समझो जहर नहीं था." वडील भडकले. एवढं तर आमचा गुरवही सांगतो, म्हणाले. संध्याकाळ झाली, ते जिवंत राहिले. मारुतीला नारळ गेला, दर्ग्यात चादर गेली, आयोडीनची बाटली वडिलांनी कौतुकानं फळीवर ठेवली.

पुढे खूप वर्षांनी आई गेली. तेराव्यानंतर मी वडिलांपुढं ताट ठेवलं, ताटात मिरच्याही ठेवल्या. त्यांनी ताट सारलं आणि लिंबाचा पाला आणायला सांगितला. बराच वेळ चावत राहिले. मग ती जुनी वही मागितली. आईच्या नावाखाली स्वतःचं नाव लिहिलं, चवीपुढं "नाही" लिहिलं आणि सबबीचा रकाना कोरा सोडला.

मी धीर करून विचारलं, "आन् त्या दिवशी, पारावर?"

"तवाबी न्हाय लागला," ते म्हणाले. "तिला सांगू नको."